नाव कोणाचं टाकू, वकीलबाई?

वैद्यकीय इच्छापत्र करायला आलेला माणूस माझ्यासमोरच्या खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच एक प्रश्न विचारतो. "मॅडम, हे केल्यानं माणूस लवकर तर नाही जात नं?" मी सांगते की कागद करून ठणठणीत हिंडणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि काहीही न करता गेलेली त्याहून जास्त आहेत. एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. पण आता जिने चढून आलोच आहोत तर करून टाकू, असा चेहरा करून तो बसतो.

धरमपेठेत एका चिवड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. बाहेर पाटी आहे, त्यावर वकील आणि नोटरी असं दोन्ही लिहिलंय, पण लोकांना दुसराच शब्द दिसतो. नोटरी म्हणजे शिक्का मारणारी बाई. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वकिलीतले रंजक अनुभव मागितले तेव्हा मी प्रामाणिकपणे कळवलं की खून, दरोडे, कोर्टातली उलटतपासणी असलं माझ्याकडे काही नाही. मी माणसं जिवंत असताना त्यांच्याकडून मरणाबद्दल लिहून घेते. संपादक म्हणाले, चालेल, फक्त थोडं हलकंफुलकं असू द्या. बघते.

दोन कागदांतला फरक आधी सांगते, कारण भले भले शिकलेले लोक इथे गोंधळ करतात. मृत्युपत्र म्हणजे तुम्ही गेल्यावर तुमचा प्लॉट कोणाचा. वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे तुम्ही जायच्या आधी, तोंडातून शब्द फुटत नसताना आणि शुद्ध हरपलेली असताना, तुमचं काय करायचं. यंत्रावर ठेवायचं की नाही, घशात नळी घालायची की नाही. आणि त्यात एक नाव टाकायचं असतं, एकाहून जास्त टाकली तर उत्तम: तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा डॉक्टरांनी कोणाला विचारायचं. दोन साक्षीदार आणि माझ्यासारख्या नोटरीचा शिक्का लागतो. वेळ आली की डॉक्टरांची दोन वेगवेगळी मंडळं पेशंटला तपासतात. सुधारणेची आशा नाही असं दोघांनीही लिहून दिलं, की मग त्या नावाच्या माणसाची संमती घेतात. आधी न्यायालयानं ही वाट इतकी अवघड करून ठेवली होती की तिच्यावरून कोणी जातच नव्हतं. नंतर त्यांनीच ती बरीच सोपी केली.

प्लॉट कोणाला द्यायचा याचा विचार माणसं सहा-सहा महिने करतात, नकाशे आणतात, भावांना जेवायला बोलावून अंदाज घेतात. आपल्या घशातली नळी कोणाच्या सहीनं निघणार, हा निर्णय मात्र खालून चहा येईपर्यंत होतो.

कारण आमच्याकडे हे नाव लग्नपत्रिकेच्या रीतीनं ठरतं. पत्रिकेत वर कोण, खाली कोण, कोणाच्या नावामागे काय लावायचं, कोण राहिला तर मांडवात तोंड फिरवून बसेल. अगदी तोच विचार. कोण डॉक्टरांसमोर शांत राहील, कोणाला माझं मन माहीत आहे, हे कोणी बघत नाही. मान कोणाचा, ते बघतात.

सावनेरकडचे एक कापसाचे व्यापारी होते. त्यांनी मोठ्या जावयाचं नाव सांगितलं. मी विचारलं, "जावई दवाखान्यातलं सगळं नीट पाहतील का?" मागे बसलेल्या त्यांच्या बायकोनं उत्तर दिलं, "पाह्यतील कशाचे! इंजेक्शनची सुई पाह्यली का चक्कर येऊन पडतेत ते." व्यापारी तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते तवाचं तवा पाहू. जावयाचं नाव खाली टाकलं तर दिवाळीले येनार नाहीत ते." शेवटी मी तोडगा काढला. निर्णय घेणारी म्हणून बायकोचं नाव टाकलं, आणि कागदाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमचे ज्येष्ठ जावई यांच्याशी विचारविनिमय करून मी हे लिहीत आहे.' कायद्याच्या दृष्टीनं या वाक्याला काडीची किंमत नव्हती. पण जावई खूश झाले आणि दिवाळीलाही आले. पाडव्याला मला त्यांच्याकडून अनारसे पोहोचले.

अशा कागदाचं खरं दुखणं पुढे सुरू होतं. माणसं बदलतात. कोणी परदेशी जातं, कोणाचा काडीमोड होतो, कोणाला ऐकू येईनासं होतं, कोणी मरतं. कागद मात्र होता तसाच कपाटात पडून राहतो. माझ्या बापाचा उमरेडला हातमाग होता. विणताना धागा तुटला की माग थांबवून तेव्हाच गाठ मारायची, नंतर मारू म्हटलं की लुगड्यात रेघ उठायची. मी ही शिस्त माझ्या पक्षकारांना लावायचा प्रयत्न करते. दर वर्षी पोळ्याच्या आठवड्यात सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडते: 'आपल्या वैद्यकीय इच्छापत्रातील व्यक्ती बदलावयाची आहे काय?' निम्म्या लोकांकडून जोडलेल्या हातांचं चित्र येतं. काही 'आपणांसही शुभेच्छा' लिहितात. एका गृहस्थांनी घाबरून फोन केला, "मॅडम, माझ्या रिपोर्टमधे काही आलं का?"

आणि एक गुरुजी होते. निवृत्त, ताठ कण्याचे, शुद्धलेखन तपासून कागदावर सही करणारे. त्यांच्या कागदात त्यांच्या जिवलग मित्राचं नाव होतं. मित्र वारला. मी निरोप पाठवला, फोन केला, शेवटी घरी गेले. गुरुजी म्हणाले, "नाव कसं काढू? आत्ता कुठं वर्ष झालं त्याले. बरं नाही दिसत."

"पण गुरुजी, वेळ आली तर डॉक्टर विचारतील कोणाला?"

"त्यालेच विचारतीन," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तवा मी बी तिकडंच पोहोचत असन."



पण या सगळ्यांनी मला जेवढा मनस्ताप दिला नाही तेवढा एका बाईनं दिला, आणि तिचं दुखणं नेमकं उलटं होतं. बाकीचे नाव बदलत नव्हते. ती सारखी बदलायची.

गजभिये सिस्टर. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं परिचारिका, त्यातली बरीचशी अतिदक्षता विभागात. निवृत्त झाल्या तरी वस्तीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टरच. माझ्याकडे आलेली ही एकच बाई, जिनं 'याने माणूस लवकर जातो का' असं विचारलं नाही. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि म्हणाल्या, "आधी हात दे. तोंड पाह्यलं का सुजलेलं तुहं? झोपतेस का नाही?" माझा रक्तदाब लिहून घेतला, मीठ कमी करायला सांगितलं, आणि मग स्वतःच्या कागदाचा विषय काढला.

त्यांना सांगावं लागत नव्हतं काहीच. त्यांनीच मला सांगितलं. घशात नळी नको. नाकातून अन्नाची नळी नको. छातीवर दाबादाबी नको. "दुखणं कमी करायचं औषध मात्र द्या म्हणा, त्याच्यात कंजुषी नको. माह्याच हातानं मी लय लोकायले नळ्या घातल्या वं बाई. हात बांधाव लागते त्यायचे, ओढून काढतेत म्हणून. डोळ्यानं म्हणतेत, काढ. अन् मी नाही काढू शकत. मले तसं नाही पडून राह्यचं." एवढंच त्यांना हवं होतं. मी आजवर लिहिलेल्या कागदांत इतकी स्पष्ट मागणी दुसऱ्या कोणाची नव्हती.

नाव टाकलं मुलाचं. प्रशांत, एकुलता एक, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा. मी म्हटलं, आणखी एक नाव टाका, एक नसला तर दुसरा. त्या म्हणाल्या, "दोन टाकले तर दोघं भांडतीन, अन् मी मधात लटकीन." एकच राहिलं.

चार महिन्यांनी त्या परत आल्या. आधी माझा रक्तदाब. मग म्हणाल्या, "प्रशांतचं नाव काट." प्रशांतनं त्यांची जुनी मोपेड भंगारात दिली होती. त्या मोपेडवरून त्यांनी पंधरा वर्षं ड्यूटी केली होती, आणि आता ती चालत नव्हती ही गोष्ट त्यांच्या लेखी बारीकसारीक होती. "न विचारता देल्ली गा त्यानं! आज मोपेड देल्ली, उद्या मले देईन." नवं नाव लेकीचं, ज्योतीचं. ती उमरेडला शाळेत शिकवायची.

मग ज्योतीचं नाव गेलं, कारण विहारात वंदनेच्या वेळी ती सगळ्यांदेखत म्हणाली की आई, तुझे गुडघे दुखतात, तू मागं खुर्चीवर बस. प्रशांत पुन्हा आला. मग प्रशांत पुन्हा गेला, त्याचं कारण मला आठवत नाही, आणि नोंदवहीत कारणाचा रकाना नसतो. ज्योती पुन्हा आली. दीड वर्षात चार कागद. दर वेळी साक्षीला दोन निवृत्त परिचारिका सोबत. त्या माझ्याकडे सहलीला आल्यासारख्या यायच्या आणि खालून चिवडा घेऊन जायच्या.

इथे माझ्या कामातली एक पद्धत सांगते. नेमलेल्या माणसाजवळ कागदाची एक प्रत असावी लागते, नाहीतर वेळेला त्याला कोण ओळखणार. म्हणून माझा नियम आहे की नाव बदलायचं असेल तर आधीच्या माणसाकडची जुनी प्रत परत आणा, ती मी तुमच्यासमोर फाडीन, मगच नव्यावर शिक्का मारीन. हा नियम मी कलेक्टरच्या आईलाही मोडू दिला नव्हता. सिस्टरना दिला. "आणते नं वं," त्या म्हणायच्या, "पुढच्या बारीले सगळे एकदमच आणते." आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळलेला असायचा. जी बाई आत्ताच आपल्याला मीठ कमी कर म्हणून रागावलीय तिला नियम कसा लावायचा, हे मला जमलं नाही.

त्या प्रती का आणत नव्हत्या ते पुढे कळलं. प्रत परत मागायची तर मुलाला सांगावं लागलं असतं की तुझं नाव काढलं. ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. प्रशांतला वाटत होतं की आईनं सगळं त्याच्यावर सोपवलंय. ज्योतीलाही तेच वाटत होतं. दोघांच्या कपाटात तसा कागद होता, आणि दोन्ही कागदांवर माझा शिक्का होता.

पाचव्या वेळी त्या आल्या तेव्हा साक्षीदार सोबत नव्हत्या. एकट्याच. म्हणाल्या, "आता शेवटचं. वैशालीचं नाव टाक."

वैशाली म्हणजे प्रशांतची बायको. तिच्याबद्दल मी चार भेटींत जे ऐकलं होतं त्यातलं एकही वाक्य चांगलं नव्हतं. ती भाजीत तेल जास्त टाकते, ती फोनवर हळू बोलते, ती सिस्टरच्या खोलीतली खिडकी न विचारता उघडते. मी म्हटलं, "सिस्टर, तिच्याशी तर तुमचं पटत नाही."

"म्हणूनच तर." त्या पुढे झुकल्या. "ऐक. चौतीस वर्षं मी त्या वॉर्डाबाहेरचा बाकडा पाह्यला. ज्याचा जीव अडकला असते तो सही करत नाही. पोरगा म्हणते, आणखी दोन दिवस पाहू डॉक्टर. पोरगी पाय धरते डॉक्टरचे. प्रेमापायी लटकवून ठेवतेत माणसाले. माहा प्रशांत तर मले महिनाभर नाही सोडणार, अन् ज्योती त्याच्याहून गयीगुजरी. ह्या दोघायले टाकून मीच मूर्खपणा केला. वैशालीचं माह्यावर काही प्रेम नाही. ती डोक्यानं चालते. कागदावर लिहिलं तसं करीन."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की मानाचा माणूस टाकू नका, आणि ही बाई मानाच्याही पलीकडे गेली होती. मी फक्त एवढंच म्हटलं की तिला विचारा, आणि सही करायला सोबत आणा. नेमलेल्या माणसाला कागद समोर बसून वाचून दाखवणं हाही माझा एक नियम आहे, आणि हा मी मोडला नाही.

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. साक्षीदारही आल्या. वैशाली पस्तिशीची, बारीक, अंगावर साधा पंजाबी ड्रेस. मी कागद वाचून दाखवला. नळी नको, हे नको, ते नको, आणि निर्णय तुमचा. ती खाली मान घालून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "काही विचारायचंय का?" ती म्हणाली, "किती वेळ लागन? कुकर लावून आली मी." सिस्टरनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, म्हटलं नव्हतं? मीही मनातल्या मनात मान डोलावली. माणूस अगदी बरोबर निवडलाय.

जुन्या प्रतींचं मी त्या दिवशी पुन्हा विचारलं. "आणते नं," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, सकाळी कूलरमध्ये पाणी भरता भरता सिस्टर खाली पडल्या. डोक्यात रक्तस्राव झाला होता. जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, आणि तिथं कोणी कागद दाखवायच्या आधीच डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. घशात नळी घातली, यंत्राला जोडलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दुपारी प्रशांतनं आपला कागद दाखवला आणि सांगितलं की निर्णय माझा आहे आणि सगळे प्रयत्न सुरू ठेवा. संध्याकाळी ज्योती उमरेडहून एसटीनं आली. तिच्याकडचा कागद प्रशांतच्या कागदानंतरचा होता. तिनं सांगितलं की निर्णय माझा आहे आणि सगळे प्रयत्न सुरू ठेवा. म्हणजे दोघांचं म्हणणं एकच होतं, तरी ते म्हणायचा अधिकार कोणाचा यावर बहीणभाऊ दवाखान्याच्या स्वागतकक्षात भांडले. दुसरा दिवस तसाच गेला. डॉक्टरांच्या पहिल्या मंडळानं पाहिलं आणि आशा नाही असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा मला फोन आला. "मॅडम, एकाच पेशंटचे दोन कागद आहेत आणि दोन्हीवर तुमचा शिक्का आहे."

मी नोंदवही घेऊन गेले. जाताना रिक्षात मला एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. सिस्टर जे नको म्हणून सहा वेळा माझे जिने चढल्या होत्या, नेमकं तेच तिसऱ्या दिवशीही त्यांच्या घशात होतं. आणि ते तिथं असण्याचं एक कारण मी होते. मी नियम पाळला असता तर त्या दोघांकडे कागदच नसते, आणि दवाखान्यानं पहिल्या दिवशीच विचारलं असतं की मग कागद आहे कोणाकडे.

व्यवस्थापकांच्या खोलीत प्रशांत, ज्योती आणि वैशाली अशी तिघंही बसली होती. मी नोंदवही उघडली आणि सांगितलं की प्रशांतचे कागद खरे आहेत, ज्योतीचेही खरे आहेत, आणि त्यातला एकही आता लागू नाही. कायद्यानं शेवटी केलेला कागद धरायचा. शेवटचा वैशालीच्या नावाचा आहे.

मग प्रशांत उठून उभा राहिला. "हिचं? हिचं नाव? आईनं मले स्वतः सांगतलं होतं, तूच हाय माहा!"

"मले पण हेच सांगतलं होतं," ज्योती म्हणाली, आणि रडायला लागली.

प्रशांत माझ्याकडे वळला. "वकीलबाई, तुम्ही शिक्का मारतांना काही पाहता का नाही? का आला माणूस का ठोकला शिक्का?" इतक्या वर्षांत मला कोणी एवढं खरं बोललं नव्हतं.

वैशाली खुर्चीच्या कडेला बसली होती, मांडीवर पर्स. दोन दिवस तिच्याही घरात कागद होता आणि तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. मला रागच आला. तुझ्याच नावानं तर बाईनं सगळं ठेवलं होतं, आणि तुला त्याचं एवढंही नाही? वॉर्डातली परिचारिका मला येताना म्हणाली होती की त्यांची सून भेटायच्या दोन्ही वेळांना येते, काही बोलत नाही, नुसती ओल्या कापसानं सिस्टरचे ओठ पुसत राहते आणि वेळ संपली की जाते. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं होतं.

दुपारी दुसऱ्या मंडळाचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनीही तेच लिहिलं. आता फक्त एक सही राहिली होती. ती झाली, बाकीची कागदपत्रं झाली, नळी निघाली, आणि त्याच दिवशी सूर्य मावळायच्या सुमारास गजभिये सिस्टर गेल्या. हात बांधलेले नव्हते. प्रशांत एका बाजूला होता, ज्योती दुसऱ्या.

पण सहीच्या आधीची दहा मिनिटं सांगायची राहिली, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला मी हो म्हटलं.

वैशालीनं दहा मिनिटं मागितली होती. ती बाहेर जाऊन वॉर्डासमोरच्या बाकड्यावर बसली. फॉर्म घेऊन मी तिच्या मागं गेले आणि शेजारी बसले. तिनं फॉर्मकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "तुम्हाले काय सांगतलं होतं त्यायनं? माहंच नाव काहून?"

मी आयुष्यभर कागदावर खरं लिहून घेतलंय. पण त्या बाकड्यावर खरं कसं बोलणार? मी म्हटलं, "त्यांचा तुमच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता."

"खोटं बोलता तुम्ही." ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. "मले माहीत हाय काय सांगतलं असन ते. घरी मलेबी तेच म्हणाल्या. स्वयंपाक करून राहिली होती मी, तर मागं येऊन उभ्या राह्यल्या. म्हणे, वैशाली, खरं सांग, तुहं काही प्रेम नाही नं माह्यावर? असन तर आत्ताच सांग, मी दुसऱ्या कोणाचं नाव टाकते."

"मग?"

"मी म्हटलं, नाही." तिनं तळहातानं डोळे पुसले. "काय म्हणू मंग? हो म्हटलं असतं तर ह्या दोघायच्या हाती गेल्या असत्या, अन् पडून राह्यल्या असत्या महिनाभर. त्यायले तेच तर नको होतं. म्हणून म्हटलं, नाही करत. त्या इतक्या खूश झाल्या, मॅडम. पाठीवर हात फिरवला माह्या. पह्यल्यांदा."

आत कुठंतरी यंत्राचा बारीक आवाज सुरू होता. तिनं पर्स उघडली आणि तिच्याजवळची कागदाची घडी काढून माझ्या हातात दिली.

"अन् पाहा," ती म्हणाली, "परवापासून हा पर्समधेच हाय. काढायले हात नाही झाला. वाटलं, आणखी दोन दिवस पाहू."

मग तिनं माझ्याकडे पेन मागितलं.